आधी कार्ड बघा, मग संगणकाला नावं ठेवा

नवा कॅमेरा जुन्या संगणकाला जोडला आणि फोटो दिसले नाहीत, की दुकानदारापासून घरातल्या भाच्यापर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला तयार असतो. संगणक जुना झालाय, नवा घ्या. सल्ला फुकटचा, भुर्दंड चाळीस हजारांचा. आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, कारण देणाऱ्याने कॅमेऱ्यातलं कार्ड बाहेर काढून त्यावर काय छापलंय एवढंही बघितलेलं नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. फोटो ज्याने काढला त्याचा आहे, आणि त्याच्याकडे जे चालतं यंत्र आहे त्यावर तो उघडलाच पाहिजे. यात तंत्राच्या अंगाने अशक्य काही नाही. फोटोची फाइल जेपेग असते आणि जेपेगचं मानक 1992 मध्ये ठरलं. कार्डावर फोटो कसे ठेवायचे याचा नियम जपानमधल्या उत्पादकांच्या संघटनेने 1998 मध्ये केला. म्हणून तर कुठल्याही कंपनीचा कॅमेरा घ्या, कार्डावर डीसीआयएम नावाचंच फोल्डर सापडतं. त्याच्या आत आकड्याने सुरू होणारं दुसरं फोल्डर, आणि त्यात आठ अक्षरी नावांच्या फाइली. लांबलचक नावं न देता आठ अक्षरांत काम भागवलं, की साध्यातल्या साध्या यंत्रालाही ती वाचता येतात. म्हणजे ज्यांनी हे ठरवलं त्यांना जुन्या यंत्रांची जाण होती. आज काढलेला फोटो विंडोज 98 च्या संगणकापर्यंत पोचला, तर तो तिथेही उघडतो. गाडं अडतं ते पोचण्यापाशी.

जुना संगणक म्हणजे अडगळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तालुक्याच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानात जाऊन यावं. कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणारं एक यंत्र असतं आणि दुकानाचा गल्ला त्यावर भरतो. त्यात पेजमेकर असतं. पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती 2001 मध्ये आली. त्यानंतर ते सॉफ्टवेअर पुढे गेलंच नाही. मराठी फॉन्ट असतात, तेही युनिकोडच्या आधीच्या घडणीचे, आणि ते चालावेत म्हणून मागच्या बाजूला डोंगल खोचलेलं असतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची हँडबिलं, दशक्रियेची पत्रं, एखादा दिवाळी अंक. वीस-बावीस वर्षांचा मजकूर त्या फॉन्टमध्ये बांधलेला आहे. नव्या चौसष्ट बिटी विंडोजला जुन्या डोंगलचा बत्तीस बिटी ड्रायव्हर चालत नाही. फॉन्ट नसताना जुनी फाइल उघडली, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. अशा माणसाला ‘संगणक बदला’ म्हणणं म्हणजे वीस वर्षांचा मजकूर पुन्हा टाइप करा म्हणणं आहे. त्याला हवाय फक्त एक फोटो, पानावरच्या चौकटीत बसवायला.

अशी यंत्रं शाळांच्या कार्यालयांत आहेत, गावच्या वाचनालयांत आहेत, निवृत्त माणसांच्या घरांत आहेत. ती चालतात. चालत्या यंत्राला भंगारात काढायचं कारण कॅमेरा असू शकत नाही.

एके काळी कॅमेरे बनवणारेच संगणकाकडे बघून कॅमेरा बनवत. सोनीने 1997 मध्ये मॅविका मालिकेत असे कॅमेरे आणले, की त्यांत चक्क साडेतीन इंची फ्लॉपी बसायची. नेहमीची, 1.44 एमबीची, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी. चांगल्या दर्जाचे पंधरा-वीस फोटो एका फ्लॉपीवर मावत आणि एकेक फोटो 640 गुणिले 480 पिक्सेलचा. कॅमेरा अवजड होता, फ्लॉपीवर लिहायला वेळ घ्यायचा. पण केबल नको, ड्रायव्हर नको, सीडी नको. फ्लॉपी काढा, संगणकात घाला, फोटो बघा. अमेरिकेत हे कॅमेरे धडाधड खपले, आणि खपण्याचं कारण हेच होतं. त्या आधी, 1994 मध्ये, अ‍ॅपलने क्विकटेक 100 काढला होता. तेवढ्याच आकाराचे आठ फोटो त्यात मावायचे. ते सिरियल केबलने मॅकमध्ये उतरवायचे आणि फाइल अ‍ॅपलच्या स्वतःच्या पद्धतीने दाबलेली. मॅविकाची जेपेग आज खिशातल्या मोबाइलवरही उघडते. क्विकटेकची मूळ फाइल उघडायची तर डेव्ह कॉफिन या प्रोग्रामरने लिहिलेल्या डीसीरॉसारख्या, कॅमेऱ्यांच्या बंद फाइली उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते. दोन्ही कंपन्या मोठ्या, दोन्ही यंत्रं त्या काळात नवलाची. एकीने लोकांकडे काय आहे ते बघितलं, दुसरीने आपल्याकडे काय आहे ते.

आता एसडी कार्ड हातात घ्या. हे कार्ड सॅनडिस्क, तोशिबा आणि तेव्हाची मात्सुशिता, म्हणजे आजची पॅनासॉनिक, या तिघींनी 1999 मध्ये जाहीर केलं. पहिल्या पिढीची मर्यादा 2 जीबीची. 2006 मध्ये एसडीएचसी आलं, 32 जीबीपर्यंत. 2009 मध्ये एसडीएक्ससी आलं, 2 टीबीपर्यंत. तिन्हींचा आकार तोच. कोपऱ्यातला काप तोच. मागच्या सोनेरी पट्ट्या त्याच. फरक सांगणारी खूण म्हणजे एसडीच्या बोधचिन्हाखाली बारीक अक्षरांत छापलेलं एचसी किंवा एक्ससी. चाळिशी लागलेल्या माणसाला ते चष्म्याशिवाय दिसत नाही. कार्ड खाचेत नीट बसतं, टक् आवाज करतं, आणि संगणक गप्प. माणूस स्वतःला दोष देतो नाहीतर संगणकाला. ज्यांनी तीन वेगळ्या वस्तूंना एकच रूप दिलं, त्यांना कुणी विचारत नाही.

2006 च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये जी कार्डाची खाच असते, तिला सहसा एचसी कार्ड ओळखताच येत नाही. त्यावर उपाय आहे आणि तो दोन-तीनशे रुपयांत होतो. यूएसबीचा वेगळा कार्ड रीडर घ्या. कार्डाशी बोलण्याचं काम तो करतो, आणि संगणकाला तो पेनड्राइव्हसारखाच दिसतो. विंडोज 2000, एमई आणि एक्सपी या तिघांना अशी वस्तू वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कळते. विंडोज 98 ला कळत नाही. तिथे प्रत्येक पेनड्राइव्हची स्वतःची सीडी लागायची. त्यासाठीसुद्धा सगळ्या पेनड्राइव्हना चालेल असा ड्रायव्हर हौशी मंडळींनी खपून तयार केलेला आहे.

रीडरने कार्ड ओळखलं की खरा धोका सुरू होतो, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे.

तालुक्याच्या अशाच एका दुकानातला प्रसंग. लग्नाचे फोटो काढणारा एक तरुण 64 जीबीचं कार्ड घेऊन आला होता. आदल्या दिवशीचं लग्न, सगळे फोटो त्या एका कार्डावर, आणि पेपरला द्यायच्या शुभेच्छांच्या जाहिरातीत जोडप्याचा फोटो टाकायचा होता. डीटीपी करणाऱ्या ताईंनी कार्ड रीडरमध्ये घातलं. माय कॉम्प्युटरमध्ये एफ ड्राइव्ह दिसला. त्यावर क्लिक केलं, आणि पडद्यावर इंग्रजीत चौकट आली: एफमधली डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का? खाली दोन बटणं. येस आणि नो. ताईंचा हात माउसवर होता.

“ताई, थांबा! येस करू नका!” पोरगा जवळजवळ ओरडलाच.

“अहो दादा, त्याशिवाय उघडणार कसं? तेच विचारतंय ना ते?”

ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. पडद्यावर जे लिहिलं होतं त्याचा अर्थ तोच होता. खोटं बोलत होतं ते यंत्र. कार्ड व्यवस्थित फॉरमॅट केलेलं होतं, त्यावर अख्खं लग्न होतं. एक्सपीला ते वाचता येत नव्हतं एवढंच. ‘मला हे वाचता येत नाही’ असं एक प्रामाणिक वाक्य लिहायला प्रोग्रामरला काय कष्ट पडले असते? त्याऐवजी ‘हे कोरं आहे, पुसून घेऊ का?’ असं विचारणारी चौकट लाखो संगणकांवर गेली. किती घरांची बारशी, मुंजी, साखरपुडे या एका वाक्यापायी गेले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

म्हणून हे कापून भिंतीवर चिकटवा: कॅमेऱ्याचं कार्ड लावल्यावर संगणकाने फॉरमॅटचं विचारलं, तर उत्तर नो. नेहमी नो. कार्ड काढायचं, परत कॅमेऱ्यात घालायचं, फोटो दिसतात का बघायचे. दिसले तर कार्डाला काही झालेलं नाही.

त्याहून चांगलं म्हणजे संगणकाकडे जाण्याआधीच बंदोबस्त करा. एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, तांदळाच्या दाण्याएवढी. ती नखाने खाली ओढली की कार्डाला कुलूप लागतं. वाचता येतं, लिहिता किंवा पुसता येत नाही. हे कुलूप रीडरने पाळायचं असतं आणि बहुतेक रीडर ते पाळतात. फॉरमॅटपासून बचाव होतोच, वर दुसरा फायदा असा, की दुकानातल्या संगणकात ठाण मांडून बसलेला शॉर्टकट व्हायरस तुमच्या कार्डावर चढत नाही. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून घरी आल्यावर सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली ज्यांनी बघितलीत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. मायक्रोएसडीला ही पट्टी नसते, पण ते ज्या अडॅप्टरमध्ये घालतो त्याला असते. इतकी साधी सोय कार्डावर आहे आणि कार्ड विकणारा तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आणि फॉरमॅट झालंच असेल तर? हात लावू नका. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. झटपट फॉरमॅटने सहसा पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं जागेवरच असतात. फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते अनुक्रमणिकेकडे बघतच नाही; कार्डाच्या पहिल्या टोकापासून शेवटापर्यंत जेपेगच्या सुरुवातीची खूण शोधत जातं आणि सापडतील ते फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतं. फाइलींची मूळ नावं जातात, पण फोटो मिळतात. डेटा परत काढून देण्याचे हजारो रुपये मोजण्याआधी हे करून बघावं. मात्र मध्ये नवे फोटो काढले गेले असतील, तर त्यांच्याखाली दबलेले जुने फोटो कायमचे जातात.

एक्सपीला ते कार्ड का वाचता आलं नाही, याचं उत्तर तंत्रात कमी आणि व्यवहारात जास्त आहे. 2 जीबीच्या वरची, 32 जीबीपर्यंतची कार्डं फॅट32 या पद्धतीने आखलेली असतात. ती पद्धत विंडोज 95 च्या उत्तरार्धापासूनची; तिला सगळेच ओळखतात. 32 जीबीच्या वरच्या कार्डांसाठी 2009 मध्ये एक्सफॅट ही पद्धत ठरवली गेली. फॅट32 मध्ये 4 जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि लांब व्हिडिओ त्याच्या पलीकडे जातात. तेव्हा नव्या पद्धतीची गरज होती, हे मान्य. पण निवडली ती मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, परवाना घेऊन वापरायची. कार्ड पैसे मोजून माझं, आणि त्याच्यावर रेषा कशा आखायच्या याचा हक्क दुसऱ्याचा. जगभर विकल्या जाणाऱ्या वस्तूचं मानक ठरवताना बंद पद्धत घ्यायची नसते. मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील सर्वांसाठी खुला केला तो ऑगस्ट 2019 मध्ये, आणि लिनक्सच्या गाभ्यात तिचा पक्का ड्रायव्हर आला 2020 मध्ये. मधली दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत कित्येकांनी बिघाड नसलेले संगणक बदलले.

विंडोज एक्सपीला एक्सफॅट शिकवणारं अपडेट 2009 मध्येच निघालं होतं. एक्सपीवर सर्व्हिस पॅक 2 किंवा 3 असेल तर ते चालतं आणि मग 64 जीबीचं कार्डही उघडतं. ज्यांच्याकडे ते आधीच टाकलेलं आहे त्यांना चिंता नाही. बाकीच्यांना माझा सल्ला अगदी गावठी वाटेल, पण तोच खात्रीचा आहे: 32 जीबीचं एचसी कार्ड विकत घ्या. चोवीस मेगापिक्सेलची एक उत्तम दर्जाची जेपेग साधारण 10 एमबीची धरली, तर त्यावर तीन हजारांवर फोटो बसतात. एका लग्नाला पुरून उरतात. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, “सर, आता 128 च्या खाली कोण घेतं?” त्याला सांगा, मी घेतो.

कार्ड काढायचंच नसेल, केबलच लावायची असेल, तर कॅमेऱ्याच्या मेनूत शिरावं लागतं. संगणकाशी बोलायच्या कॅमेऱ्याच्या दोन रीती आहेत. एकीत तो पेनड्राइव्ह असल्यासारखा वागतो, तिला मास स्टोरेज म्हणतात. दुसरीत कॅमेरा म्हणूनच ओळख देतो, तिचं नाव पीटीपी. एमटीपी ही तिचीच धाकटी बहीण. विंडोज एक्सपी दोन्ही समजतं. पीटीपीवर असलेला कॅमेरा जोडला की त्याचा स्कॅनर अँड कॅमेरा विझार्ड समोर येतो आणि फोटो उतरवून देतो. विंडोज 2000 ला मात्र फक्त पहिली भाषा येते. काही कंपन्यांनी मास स्टोरेजची सोयच काढून टाकलीय. मग रीडरशिवाय गत्यंतर नाही.

सोनीच्या कित्येक अल्फा कॅमेऱ्यांत यूएसबी कनेक्शन या नावाखाली ऑटो, मास स्टोरेज, एमटीपी असे पर्याय असतात. ऑटोवरून मास स्टोरेजवर आणलं की पुष्कळदा काम होतं. तरी नाही झालं, तर त्याच पानावर यूएसबी एलयूएन सेटिंग अशी ओळ असते. त्यात मल्टी आणि सिंगल. संगणक जोडणी घेत नसेल तेव्हा सिंगल करा, असं त्यांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे. म्हणजे जुन्या संगणकासाठी दार ठेवलेलं आहे. फक्त त्यावर असं काही अगम्य नाव लावलंय, की ग्राहकाला ते दार आहे हे कळू नये. विकणाऱ्यांनी पुस्तिका उघडून बघितलेली नाही. नवा संगणक घ्या म्हणण्याआधी या दोन ओळी बदलून बघायला एक मिनिट लागतं.

कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, असंही सांगितलं जातं. ते जुन्या संगणकावर बसत नाही आणि माणूस तिथेच हात टेकतो. फोटो उतरवण्यासाठी त्याची गरजच नसते.

वेग हा मात्र खरा प्रश्न आहे. 2002 च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांत यूएसबी 1.1 असतं. सेकंदाला 12 मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट. चार जीबीचे फोटो उतरायला तासाहून जास्त. यूएसबी 2.0 चं मानक एप्रिल 2000 चं, वेग कागदावर चाळीसपट. डेस्कटॉप असेल तर त्याच्या पोटात पीसीआयचं यूएसबी 2.0 कार्ड बसवता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जुना माल ठेवणाऱ्याकडे विचारा. तेवढीही यातायात नको असेल तर हवे तेवढेच फोटो उतरवा. सगळं कार्ड ओतायची गरज कुणाला असते?

फोटो पोचला, पण उघडताना यंत्र गुदमरलं, हा शेवटचा अडथळा. त्याचं गणित साधं आहे. 6000 गुणिले 4000 पिक्सेलचा फोटो फाइलमध्ये 10 एमबीचा असला तरी उघडल्यावर स्मृतीत 72 एमबी जागा घेतो, कारण प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. ज्या संगणकात एकूण 256 एमबी रॅम आहे आणि फोटोशॉप, पेजमेकर दोन्ही चालू आहेत, तो तोंडाला फेस आणणारच. कॅमेऱ्यात इमेज साइझ एलवरून एसवर आणा. फोटो सहा मेगापिक्सेलच्या आसपास येतो आणि उघडल्यावर अठरा एमबी घेतो. वर्तमानपत्राच्या तीन कॉलमी फोटोला रुंदीत हजारभर पिक्सेल पुरतात. चोवीस मेगापिक्सेल हा आकडा खोक्यावर शोभतो. छापखान्यात तो कुणी मागितलेला नाही.

रॉ फाइलींबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेल्या फाइलींबद्दल, थोडक्यात. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी आणि तीही बदलत राहते. कॅननने 2018 मध्ये सीआर2 सोडून सीआर3 आणली. जुन्या फोटोशॉपला ती उघडता येत नाही. कॅमेरा रॉ अधिक जेपेग असा लावा, आणि रॉच काढलेली असेल तर बऱ्याच कॅननमध्ये आणि निकॉनमध्ये कॅमेऱ्यातच तिची जेपेग करून घेता येते. संगणकाला त्यात ओढू नका.

हे सगळं टाळून लोक काय करतात? कॅमेऱ्यातून मोबाइलवर, मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तिथून दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर. कॅमेऱ्यांची कित्येक अ‍ॅप मुळातच लहान केलेली प्रत मोबाइलवर पाठवतात. व्हॉट्सअ‍ॅप ती आणखी दाबतं आणि फोटो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंदही पुसून टाकतं. साठ हजारांच्या कॅमेऱ्याने काढलेला चेहरा जिल्हा पुरवणीत पिठासारखा छापला जातो तो यामुळे. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

एक्सपीबद्दल एक सावधगिरी मी ठासून सांगेन. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी थांबवली. असं यंत्र इंटरनेटला जोडू नका. फोटो, छपाई, जुने फॉन्ट यांसाठी ते एकटंच राहू द्या. बँकेचं काम त्यावर करणं हा वेडेपणा आहे, आणि माझ्या या लेखाचा आधार घेऊन कुणी तो करू नये.

कंपन्यांकडे माझं मागणं फार नाही. पूर्वी कॅमेऱ्याच्या खोक्यावर स्पष्ट छापलेलं असायचं: विंडोज 98 एसई, एमई, 2000, एक्सपी. ग्राहक ते वाचून पैसे द्यायचा. आज तो मजकूर खोक्यावरून गेला. परत आणा. कार्ड कोणत्या पिढीचं चालतं, मास स्टोरेज आहे की नाही, कॅमेऱ्यात जेपेग करून मिळते की नाही, या तीन ओळी बाहेरून वाचता आल्या पाहिजेत. कार्डावरची एचसी आणि एक्ससी ही अक्षरं निदान किमतीच्या चिठ्ठीएवढी मोठी करा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं संकेतस्थळ सुरू केलं, दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण नादुरुस्त नसलेली वस्तू दुसऱ्या वस्तूशी जुळत नाही म्हणून फेकावी लागते, त्या ग्राहकाने कुठे जायचं? त्या खात्याने हाही प्रश्न आपला मानावा.

याच गोष्टीची दुसरी बाजू कपाटात पडलेली आहे. 2000 ते 2008 च्या दरम्यान ज्यांनी ऑलिम्पस किंवा फुजीचे कॅमेरे घेतले, त्यांच्याकडे स्मार्टमीडिया किंवा एक्सडी कार्डं असतील. स्मार्टमीडिया 128 एमबीवर थांबलं, एक्सडी 2 जीबीवर. दोन्हींची वाट केव्हाच बंद झाली आणि आज दुकानात मिळणाऱ्या साध्या रीडरमध्ये त्यांची खाच नसते. ज्यात ती असते ते बहुतेक वेळा तोच जुना डेस्कटॉप, पुढच्या बाजूला अनेक खाचांचा रीडर बसवलेला, ज्याला सगळे अडगळ म्हणताहेत. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातली अशी सगळी कार्डं गोळा करा, एकेक करून त्या संगणकात घाला, फोटो उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथून आणखी एका ठिकाणी ठेवा. मुलांच्या पहिलीच्या वर्गातले फोटो त्यांतच असतील. आणि पडद्यावर फॉरमॅटचं विचारलं, तर नो दाबा.